मारुती ८०० (कार्बोरेटर): इनटेक मॅनिफोल्ड घरी बदलावा का, आणि बदलायचा तर कसा?

कर्वेनगर_८००

नमस्कार. माझ्याकडे १९९७ ची मारुती ८०० आहे. ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे, कार्बोरेटरवर चालणारे इंजिन असून गॅसचे किट तिला कधीही बसवलेले नाही. इंजिन गार असताना चोक ओढून ती व्यवस्थित सुरू होते आणि चालतेही. तापल्यावर मात्र आयडलिंग (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिनाचे चालणे) वरखाली होऊ लागते, सिग्नलला गाडी बंद पडते, आणि सिंहगड रस्त्याच्या गर्दीत तर अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवूनच उभे राहावे लागते. नवल याचे वाटते की कात्रजच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर ताशी साठच्या वेगाने तीच गाडी कसलीही तक्रार न करता धावते.

दोन गोष्टी मुद्दाम नमूद करते. एक म्हणजे, नुकत्याच झालेल्या पीयूसी चाचणीत कार्बन मोनॉक्साइड ०.४ टक्के आणि हायड्रोकार्बन १३८० पीपीएम आले. प्रमाणपत्र मिळाले, आणि मोनॉक्साइड इतका कमी म्हणजे इंजिन उत्तम असल्याचे तेथील मुलाने सांगितले. दुसरी म्हणजे, इनटेक मॅनिफोल्ड (कार्बोरेटरकडून सिलिंडरांकडे हवा-पेट्रोल नेणारा ओतीव भाग) आणि सिलिंडर हेड यांच्या सांध्याच्या खालच्या बाजूला पांढरट-हिरवा, खडूसारखा थर जमला आहे. कूलंटच्या बाटलीतील पातळी हळूहळू उतरते. गाडीखाली मात्र कधी थेंब दिसत नाही.

एका मेकॅनिकने न उघडताच मॅनिफोल्ड गेल्याचा निर्वाळा दिला. दुसऱ्याच्या मते दोष कार्बोरेटरचा आहे आणि मॅनिफोल्डला हात लावणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. आमच्या सोसायटीचे पार्किंग छताखाली आहे, तेथे विजेचा प्लग आहे, आणि स्पार्क प्लग, कॉन्टॅक्ट पॉइंट, रेडिएटरच्या नळ्या, कार्बोरेटरची सफाई ही कामे मी घरीच करते. त्यामुळे हे कामही घरी करण्याची इच्छा आहे. हेड न काढता मॅनिफोल्ड निघतो ना, जुना वापरलेला मॅनिफोल्ड घेणे शहाणपणाचे आहे का, आणि गॅस्केटला सिलिकॉन लावावे की नाही, याबद्दल प्रत्यक्ष काम केलेल्या सभासदांनी मार्गदर्शन करावे.

टूलरूम_भोसरी

हेड न काढता मॅनिफोल्ड निघतो आणि काम घरी होण्यासारखे आहे. तरीही आपण पाना हाती घेण्यापूर्वी निदान पक्के करावे, असे मी सुचवेन, कारण ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा मॅनिफोल्ड हा भाग स्वतःहून सहसा बिघडत नाही. बिघडतात ती त्याची तोंडे (सांध्यावर टेकणारे सपाट पृष्ठभाग), त्यांच्यामधले गॅस्केट आणि त्याला जोडलेल्या रबरी नळ्या.

आपल्या पीयूसीच्या आकड्यांपासून सुरुवात करतो, कारण त्यांत बरेच काही दडलेले आहे. भारत स्टेज-२ या प्रदूषण मानकाच्या आधीच्या पेट्रोल मोटारींसाठी आयडलिंगला मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम आहे. मोनॉक्साइड पेट्रोल जास्त आणि हवा कमी असताना वाढतो. कार्बोरेटरच्या गाडीत तो ०.४ इतका खाली जाणे आणि त्याच वेळी हायड्रोकार्बन मर्यादेला टेकणे, याचा अर्थ मिश्रण इतके पातळ आहे की मधूनमधून एखाद्या सिलिंडरमध्ये ते पेटतच नाही आणि न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधून बाहेर पडते. पातळ मिश्रण म्हणजे कोठून तरी हिशेबाबाहेरची हवा आत येत आहे, किंवा पेट्रोल कमी पडत आहे. दुर्दैवाने या दोन्ही शक्यता आयडलिंगला सारख्याच दिसतात, म्हणून आपले दोन्ही मेकॅनिक आपापल्या परीने बरोबर असू शकतात.

मोकळ्या रस्त्यावर तक्रार का नाही, याचेही उत्तर यातच आहे. आयडलिंगला थ्रॉटलची पाकळी जवळपास बंद असते, मॅनिफोल्डमध्ये निर्वात (बाहेरची हवा आत ओढणारा शोष) सर्वांत जास्त असतो आणि इंजिन हवा घेते अगदी थोडी. अशा वेळी फटीतून शिरणारी हवा एकूण हवेच्या मानाने मोठी ठरते. थ्रॉटल उघडला की निर्वात कमी होतो, एकूण हवा कित्येक पट वाढते आणि फट नगण्य होते. कार्बोरेटरचा आयडल जेट (आयडलिंगला पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) चोंदला असेल तरी लक्षण हेच असते, कारण वेगात काम मुख्य जेट करतो.

यात अलीकडे आणखी एक भर पडली आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते, तर या मिश्रणाला सुमारे १३.५. कार्बोरेटरला हा बदल ओळखण्याची सोय नाही. तो पूर्वीच्याच मापाने पेट्रोल सोडतो, म्हणजे काहीही बिघाड नसताना मिश्रण सुमारे आठ टक्क्यांनी पातळ झालेले असते. पूर्वी जी किरकोळ फट खपून जात होती ती आता जाणवू लागते. तेव्हा दोष इथेनॉलचा नसला, तरी दोष उघडा पाडण्याचे काम ते करत असावे.

आता तपासणी. इंजिन तापू द्या, चोक पूर्ण आत असू द्या आणि साध्या पाण्याची बारीक फवारणी करणारी बाटली घ्या. प्रथम कार्बोरेटरच्या बुडाशी असलेल्या काळ्या बेकलाइटच्या स्पेसरभोवती, मग मॅनिफोल्ड आणि हेडच्या सांध्यावर एकेका पोर्टपाशी (सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेपाशी), मग प्रत्येक नळीच्या टोकाशी थोडे थोडे पाणी मारा. ज्या ठिकाणी पाणी फट क्षणभर बुजवते तेथे इंजिनचा आवाज बदलतो. डिस्ट्रिब्यूटर आणि प्लगच्या वायरी यांवर पाणी जाऊ देऊ नका, अन्यथा वेगळेच मिसिंग (सिलिंडर मधूनमधून न पेटणे) सुरू होईल आणि आपण भलत्याच निष्कर्षाला पोहोचाल. ब्रेक बूस्टर असल्यास त्याची नळी चिमटीत दाबून पाहा. स्पेसरकडे विशेष लक्ष द्या. तो उष्णतेने वाकतो, त्याला केसासारखी चीर जाते, आणि मॅनिफोल्डच्या मानाने अगदी स्वस्तात नवा मिळतो.

व्हॅक्यूम गेज (निर्वात मोजणारे काट्याचे यंत्र) मिळाल्यास उत्तमच. पुस्तकांत निरोगी इंजिनासाठी १७ ते २१ इंच पारा असा आकडा दिलेला असतो, पण तो समुद्रसपाटीचा आहे. दर तीनशे मीटर उंचीला साधारण एक इंच वजा करावा लागतो आणि पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. म्हणजे आपल्याकडे १५ ते १९ हाच निरोगी आकडा. मुंबईच्या पुस्तकी आकड्यावर विसंबून पुण्यात धडधाकट इंजिने उघडली गेल्याचे मी पाहिले आहे. काटा स्थिर राहून १५ च्या बराच खाली असेल तर हवेची गळती किंवा मागे पडलेले इग्निशन टायमिंग यांपैकी एक समजावे. ठरावीक लयीत झटका देत असेल तर व्हॉल्व्हकडे पाहावे.

पांढरट-हिरव्या थराविषयी. या इंजिनात कूलंट मॅनिफोल्डच्या पोटातून जाते आणि थर्मोस्टॅटही मॅनिफोल्डवरच बसतो. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचे बाष्प होताना आजूबाजूची उष्णता ओढली जाते, आणि मॅनिफोल्ड थंड राहिला तर पेट्रोल भिंतींवर चिकटून राहते. म्हणून त्याला खालून कोमट ठेवण्याची ही योजना आहे. परिणाम असा, की हवेची वाट आणि पाण्याची वाट एकाच गॅस्केटवर शेजारीशेजारी बंद होतात. बाहेर थर दिसतो आहे, म्हणजे पाण्याच्या वाटेभोवतीचे गॅस्केट सुटू लागले आहे. ते आतल्या बाजूनेही सुटले असेल तर कूलंट थेट पोर्टमध्ये जाते. एखादाच स्पार्क प्लग इतरांपेक्षा विलक्षण स्वच्छ धुतल्यासारखा दिसतो का, आणि सकाळी सुरू करताना गोडसर वासाचा पांढरा धूर रेंगाळतो का, हे पाहावे. तसे असेल तर गाडी चालवू नये. रात्रभर सिलिंडरमध्ये कूलंट साचले आणि सकाळी स्टार्टर मारला, तर पाणी दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो.

नाना_पेठ_फेरी

सुट्या भागांपुरते लिहितो. गॅस्केट, बेकलाइट स्पेसर, थर्मोस्टॅट, नळ्या आणि क्लिपा हे सर्व नाना पेठेतील मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानांत मिळते. जाताना जुना स्पेसर आणि गाडीचा इंजिन क्रमांक बरोबर न्यावा. वापरलेला मॅनिफोल्ड भंगारवाल्यांकडे मिळतो, पण कुदळवाडीतील गोदामे २०२५ च्या फेब्रुवारीत पाडली गेल्यापासून तेथील बरेच विक्रेते पांगले आहेत. मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी नशीब आजमावता येईल.

घेताना एक खबरदारी. २००० नंतरच्या एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) ८०० चा मॅनिफोल्ड कार्बोरेटरच्या गाडीला चालत नाही. ओम्नीचे इंजिनही त्याच ७९६ सीसीच्या घराण्यातले असले, तरी ते आसनाखाली वेगळ्या मांडणीत बसते; "तोच आहे, बसेल" असे विक्रेत्याने सांगितले तरी आपला जुना भाग शेजारी ठेवून पोर्ट, पाण्याची भोके आणि नळ्यांची तोंडे ताडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

गळती शोधायला पाण्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे उदबत्ती. सांध्याजवळ धरली की जेथे फट असेल तेथे धूर आत ओढला जातो.

सावकाश_पाना

उदबत्तीचा उपाय कृपया कोणीही करू नये. कार्बोरेटरच्या आजूबाजूला पेट्रोलचे बाष्प असते आणि तीस वर्षांच्या गाडीच्या पेट्रोलच्या नळ्या नव्या नसतात. उदबत्तीचे टोक हा निखाराच आहे. याच कारणासाठी तापलेल्या इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधण्याची रीतही मला पसंत नाही, जरी ती अनेक गॅरेजांत चालते. पाणी पुरेसे आहे.

निदान मॅनिफोल्डच्या सांध्यावर येऊन ठेपले, असे धरून पुढचे लिहितो.

काम पूर्ण गार इंजिनावर, म्हणजे आदल्या रात्रीपासून उभ्या असलेल्या गाडीवर करावे. बॅटरीची ऋण तार काढून बाजूला बांधावी. रेडिएटरच्या खालच्या तोटीतून कूलंट स्वच्छ भांड्यात उतरवावे. ते गटारात किंवा पार्किंगच्या फरशीवर अजिबात सोडू नये. त्यातील ग्लायकॉल चवीला गोड आणि जहाल विषारी असते, आणि आपल्या सोसायट्यांच्या आवारात कुत्री-मांजरी कमी नाहीत. एअर क्लीनरचा डबा काढल्यावर, एकही नळी सोडण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येक नळीवर व तिच्या तोंडावर एकाच क्रमांकाची कागदी चिकटपट्टी लावावी. व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या एकमेकींसारख्या दिसतात, आणि डिस्ट्रिब्यूटरच्या अ‍ॅडव्हान्सची नळी चुकीच्या तोंडाला बसली तर नव्या गॅस्केटनंतरही इंजिन पूर्वीइतकेच वाईट चालेल. पेट्रोलची नळी काढताच तिच्या टोकात योग्य जाडीचा बोल्ट बसवून क्लिप आवळावी.

कार्बोरेटर वेगळा काढण्याची गरज नाही; तो मॅनिफोल्डसह बाहेर येतो आणि मग टेबलावर उजेडात सावकाश सुटा करता येतो. अ‍ॅक्सिलरेटरची व चोकची केबल, तापमानाच्या सेन्सरची तार आणि हीटरची नळी सुटली की १२ च्या सॉकेटने नट सैल करावेत. आदल्या दिवशी प्रत्येक स्टडच्या (हेडमध्ये बसलेल्या, नट आवळायच्या आट्यांच्या दांडीच्या) मुळाशी गंज सोडवणारे तेल सोडून ठेवावे. नट बाहेरून आत अशा क्रमाने, प्रत्येकी अर्धा फेरा करत सोडावेत. नट जागचा हलत नसेल तर जोर वाढवू नये. आधी अगदी थोडा आवळण्याच्या दिशेने, मग सोडण्याच्या दिशेने, असे मागेपुढे करावे. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये लोखंडी स्टड वर्षानुवर्षे बसलेला असतो आणि कूलंटच्या पाझराने तेथे पांढरी भुकटी धरलेली असते. घाई केली तर एक तर स्टड तुटतो किंवा हेडमधले आटे घेऊन बाहेर येतो. मॅनिफोल्ड सुटत नसेल तर सांध्यात स्क्रू-ड्रायव्हर खुपसू नये. लाकडी ठोकळा लावून जाड भागावर हलके टोले द्यावेत.

मॅनिफोल्ड निघताच हेडच्या पोर्टमध्ये स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाचे बोळे घालावेत, आणि किती घातले ते कागदावर लिहून ठेवावे. यानंतरचा टप्पा या कामाचा गाभा आहे, आणि बहुतेक गॅरेजांत नेमका तोच पाच मिनिटांत उरकला जातो. जुने गॅस्केट प्लास्टिकच्या किंवा बांबूच्या चपट्या कामटीने खरवडून काढावे. पॉलिश पेपर किंवा ड्रिलला लावायची घासणारी चकती हेडवर मुळीच वापरू नये. तिचे कण पोर्टमधून आत गेले तर सिलिंडर आणि बेअरिंग यांची वाट लागते, शिवाय हाताने घासलेला अ‍ॅल्युमिनियमचा पृष्ठभाग कडेला उतरता होतो आणि ते डोळ्यांना दिसत नाही. तोंड आरशासारखे चकचकीत असण्याची गरज नाही. ते सपाट हवे.

सपाटी मोजण्यासाठी चांगली पोलादी सरळपट्टी तोंडावर लांबीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवावी आणि तिच्याखाली फिलर गेजची (ठरावीक जाडीची, फट मोजण्याची) पाती सरकवून पाहावीत. सुझुकीच्या या काळातील इंजिनांसाठी ०.१० मिमी ही मर्यादा धरली जाते. पट्टीखाली ०.१० चे पाते शिरत नसेल तर तोंड चांगले आहे आणि नव्या गॅस्केटने काम भागेल. शिरत असेल तर मॅनिफोल्ड यंत्रशाळेत फेसिंगला (तोंड कातून सपाट करायला) द्यावा. हीच तपासणी हेडच्या तोंडावरही करावी, कारण तेथे वाक निघाला तर मॅनिफोल्ड नवा आणा की जुना, सांधा धरणार नाही आणि हेड काढावेच लागेल. भंगारातून आणलेल्या मॅनिफोल्डचीही हीच परीक्षा आहे. तो आपल्या मॅनिफोल्डइतकाच जुना असतो, शिवाय साध्या पाण्यावर किती वर्षे चालला हे आपल्याला ठाऊक नसते; म्हणून आपला स्वतःचा मॅनिफोल्ड मोजून झाल्याशिवाय दुसरा विकत घेऊ नये, या मताचा मी आहे.

सिलिकॉनविषयी आपण विचारले आहे. हवेच्या पोर्टभोवती ते अजिबात नको. साधे आरटीव्ही सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगते आणि सुटते, आणि त्याची आत दाबली गेलेली कड तुटून व्हॉल्व्हपर्यंत जाऊ शकते. गॅस्केट कोरडे बसवावे. सपाट तोंडाला सिलिकॉन लागत नाही, आणि वाकड्या तोंडाला लावलेले सिलिकॉन एखादा पावसाळा काढते, इतकेच.

कर्वेनगर_८००

सर्वांचे मनापासून आभार. पाण्याची फवारणी केली. बेकलाइटच्या स्पेसरपाशी काहीच फरक पडला नाही. तिसऱ्या सिलिंडरच्या पोर्टपाशी, सांध्याच्या खालच्या कोपऱ्यात पाणी मारताच इंजिन क्षणभर सावरले. तिसरा प्लग इतर दोघांपेक्षा पांढरट होता, पण धुतल्यासारखा नव्हता, आणि सकाळी धूरही नसतो. त्यामुळे मॅनिफोल्ड उघडला.

मोजमाप असे आहे. हेडच्या तोंडावर सरळपट्टीखाली ०.०५ चे पाते जेमतेम शिरते, ०.१० चे कोठेही शिरत नाही. मॅनिफोल्डच्या तोंडावर मात्र तिसऱ्या पोर्टच्या बाजूच्या टोकाला ०.१५ चे पाते सहज जाते. याशिवाय पाण्याच्या भोकाभोवती अ‍ॅल्युमिनियम कुरतडल्यासारखे खड्डे पडले आहेत. भोकापासून पोर्टपर्यंतच्या पट्टीत ते निम्म्याहून थोडे कमी अंतर आत आले आहेत. सर्वांत खोल खड्डा नखाला चांगलाच जाणवतो. थर्मोस्टॅटच्या घरात थर्मोस्टॅटच नव्हता. आधीच्या कोणीतरी तो काढून टाकलेला दिसतो.

खालच्या बाजूच्या एका स्टडबरोबर हेडमधले आटे बाहेर आले आहेत. बाकीचे स्टड पक्के आहेत. आता हाच मॅनिफोल्ड दुरुस्त करावा की दुसरा शोधावा? आणि आट्यांसाठी गाडी टो करून गॅरेजमध्ये न्यावी लागेल का?

टूलरूम_भोसरी

हेड सपाट निघाले, ही सर्वांत चांगली बातमी आहे. मॅनिफोल्ड आपलाच ठेवावा.

खड्डे भोकापासून पोर्टपर्यंत पूर्ण पट्टी ओलांडून गेले असते तर तो मोडीत काढा असे म्हटले असते. येथे निम्म्याहून जास्त पट्टी शाबूत आहे. आधी साधे फेसिंग करून घ्या. यंत्रशाळेत स्पष्ट सांगावे की वाक आणि खड्डे निघेपर्यंतच, कमीत कमी कातर द्या. साधारण ०.२ ते ०.३ मिमीत वाक निघेल आणि उथळ खड्डेही जातील. एखादा खोल खड्डा उरला आणि तो गॅस्केटच्या बसण्याच्या जागेत असेल, तरच तेवढ्या ठिकाणी आर्गन वेल्डिंगने भर घालावी. वेल्डिंग करावे लागलेच तर त्यानंतर फेसिंग पुन्हा करावे. वेल्डच्या उष्णतेने तोंड पुन्हा वाकते, म्हणून शेवटची कातर नेहमी वेल्डिंगनंतरच घ्यावी. धातूची लापशी भरून खड्डे बुजवून देतो असे कोणी म्हटले तर नकार द्यावा. गरम कूलंटच्या सततच्या संपर्कात ती कडेपासून सुटत जाते आणि सुटलेला तुकडा पाण्याच्या वाटेत फिरतो.

आट्यांसाठी गाडी हलवण्याची गरज नाही. ८ मिमी, १.२५ पिचचे हेलिकॉइल किट (गेलेल्या आट्यांच्या जागी तारेचे नवे आटे बसवण्याचा संच) घ्यावे. त्यात बहुधा ८.३ किंवा ८.४ मिमीचे ड्रिल, स्वतंत्र टॅप (आटे पाडणारे हत्यार) आणि बसवण्याचे साधन असते. ड्रिलवर खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी गुंडाळावी. ड्रिल तोंडाला काटकोनात राहावे यासाठी मी एक युक्ती करतो: चौकोनी लोखंडी तुकड्याला यंत्रशाळेतून ड्रिलच्या मापाचे सरळ भोक पाडून आणतो आणि तो तुकडा हेडच्या तोंडावर दाबून त्याच्यातून ड्रिल चालवतो. टॅपच्या खोबणींत भरपूर ग्रीस भरावे म्हणजे चुरा त्यालाच चिकटतो. दर दोन फेऱ्यांनी टॅप बाहेर काढून पुसावा. भोक पाण्याच्या पोकळीत उघडते का, हे बारीक तार घालून पाहावे. उघडत असेल तर स्टडच्या आट्यांना कूलंट सहन करणारे थ्रेड सीलंट लावावे, नाहीतर गॅस्केट उत्तम बसूनही नटाखालून पाझर चालू राहील आणि आपण पुन्हा मॅनिफोल्डलाच दोष द्याल.

बसवताना पोर्टमधले बोळे मोजून बाहेर काढा. सर्व नट प्रथम बोटांनी, मग आतून बाहेर अशा क्रमाने तीन टप्प्यांत आवळा. आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील आकडा प्रमाण मानावा. या मापाच्या स्टडसाठी तो सर्वसाधारणपणे २० न्यूटन-मीटरच्या, म्हणजे सुमारे २ किलोग्रॅम-मीटरच्या आसपास असतो. येथे टॉर्क रेंचबद्दल एक सूचना आवश्यक वाटते. चाकांच्या नटांसाठी मिळणारा मोठा रेंच २८ न्यूटन-मीटरपासून सुरू होतो. तो येथे निरुपयोगी आहे, आणि अंदाजाने वापरला तर दुसऱ्या स्टडचे आटेही जातील. पाच ते पंचवीस किंवा दहा ते साठच्या पट्ट्यातला लहान रेंच कोणाकडून तरी मागून आणा.

सावकाश_पाना

थर्मोस्टॅटबद्दल थोडे. "आपल्याकडे गरम हवा, काढून टाका, गाडी तापणार नाही" या समजुतीने पुण्यातल्या कितीतरी ८०० त्याच्याशिवाय चालतात. परिणामी इंजिन आणि मॅनिफोल्ड यांना योग्य तापमानाला यायला फार वेळ लागतो, डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी तर ती वेळ येतच नाही, आणि चालक चोक लांबपर्यंत ओढून ठेवतो. नवा ८२ अंशांचा थर्मोस्टॅट नव्या गॅस्केटसह बसवावा. त्याच्या चकतीवर हवा निसटण्यासाठी लहान छिद्र असल्यास ते वरच्या बाजूला यावे.

रबरी नळ्यांपैकी ज्या कडक किंवा भेगाळलेल्या आहेत त्या आताच बदलाव्यात. पेट्रोलच्या नळ्या सरसकट बदलाव्यात आणि इथेनॉल चालेल असे ज्यांवर स्पष्ट नमूद आहे त्याच घ्याव्यात. कूलंट डिस्टिल्ड पाण्यात निम्मेनिम्मे मिसळावे. बोअरचे किंवा टँकरचे पाणी घालू नये. आपल्या मॅनिफोल्डला पडलेले खड्डे बहुधा त्याचीच देणगी असावेत. भरताना हीटरचा खटका पूर्ण गरमवर ठेवावा, रेडिएटरचे झाकण उघडे ठेवून इंजिन चालू करावे आणि थर्मोस्टॅट उघडून वरची नळी गरम होईपर्यंत, बुडबुडे थांबेपर्यंत पातळी राखावी. तापमानाच्या काट्यावर नजर ठेवावी. पंखा एकदा सुरू होऊन बंद झाला की मगच गाडी रस्त्यावर न्यावी.

नंतर नट पुन्हा आवळण्याचा मोह होईल. गॅस्केटच्या पाकिटावर तशी सूचना असेल तरच, तीही इंजिन पूर्ण गार असताना आणि त्याच टॉर्कला, एकदाच तपासावे. तापलेल्या इंजिनावर मुळीच नाही.

शेवटी आयडलिंग. गळतीवर तोड म्हणून कोणीतरी आयडल स्क्रू आणि मिश्रणाचा स्क्रू दोन्ही फिरवून ठेवले असणार, त्यामुळे सांधा बंद झाल्यावर इंजिन एकदम चढ्या आवाजात धावेल. त्याने घाबरू नये. आधी कॉन्टॅक्ट पॉइंटची फट आणि टायमिंग पाहावे, मग बॉनेटखालच्या पट्टीवर दिलेल्या आकड्यावर आयडलचे फेरे आणावेत, आणि मिश्रणाचा स्क्रू कानाने न लावता पीयूसी केंद्रावर गॅस अ‍ॅनालायझर लावून फिरवावा. सकाळी लवकर गेल्यास बहुतेक केंद्रचालक एवढा वेळ देतात. मोनॉक्साइड दीड टक्क्याच्या आसपास आणावा. मिसिंग थांबल्यामुळे हायड्रोकार्बन त्याबरोबर खाली आलेला दिसेल. तो तसा उतरला नाही, तर मात्र टायमिंग, प्लगच्या वायरी आणि व्हॉल्व्ह क्लिअरन्स यांकडे वळावे लागेल. आकडे येथे लिहिल्यास पुढचे पाहता येईल.